वळण

आमच्या बेटावर उमेदवार नसतात.
म्हणजे सगळेच असतात,
अठरा पुरी झालेला जो तो.
नको म्हणायची सोय फक्त पासष्टी ओलांडलेल्यांना
आणि मागची चार वर्षं ज्यांनी भोगली त्यांना.
मतपत्रिका कोरी. पाच रेघा.
पाच नावं लिहायची, पत्त्यासकट,
जरी बेटावर रस्ता एकच
आणि तोही चर्चपाशी कंटाळून थांबतो.

मे महिन्यातला शनिवार. रात्र आता नावापुरती.
कड्यावर दोर सोडून अंडी काढायला गेलेले
दुपारी परतले, रबरी बूट दाराशी ठेवून
मोज्यांवरच मत द्यायला आले.
ज्या बाकांवर मी त्यांना अक्षरं गिरवायला लावली
त्याच बाकांत आता गुडघे मावेनात.
स्नायबोर्गच्या कॉफीला माशाचा वास,
पण तो इथे सगळ्यालाच असतो.

बोझेना गोठवणघरातून पांढऱ्या टोपीसकट आली.
पोलंडहून येऊन चार वर्षं झाली तिला, पहिलंच मत.
'फुली कुठल्या चौकोनात?'
चौकोन नाहीत, मी म्हटलं. नावं लिही.
'कुणाची?'
कुणाचीही. तुझंसुद्धा.
ती हसली, मग बराच वेळ हसली नाही.

दहाला मोजायला बसलो. खिडकीत ऊन.
आम्ही तिघं: एक ऑर्मुरची सून, एक केटिलचा साडू, आणि मी.
इथे गावकी हीच भावकी, तिसरं माणूस आणणार कुठून?
मतदान गुप्त, असं कायदा म्हणतो.
कायद्याने या पोरांच्या वह्या तपासलेल्या नाहीत.
सदतीस पत्रिका, सदतीस वळणं;
घडी उघडायच्या आधीच
पेन्सिल किती दाबली यावरून मला माणूस कळतो.

बोझेनाची पाचही नावं चुकलेली,
कानाने ऐकली तशी लिहिलेली.
साडू म्हणाला, बाद.
मी मोठ्याने वाचली, तर पाचही माणसं
डोळ्यांपुढे येऊन उभी राहिली.
ग्राह्य.

मग केटिलची.
पहिल्याच रेघेवर, ठसठशीत: ऑर्मुर बेर्ग्सोन.
अकरा वर्षांचा अबोला.
बापाच्या बोटीचा मासेमारीचा कोटा
ऑर्मुरने पलीकडच्या कंपनीला विकला, त्या दिवसापासून
एक भिंत सामाईक, बाकी काही नाही.
आणि आता हे नाव, बेर्गुरच्या मुलाचं,
अर्धं त्याचं स्वतःचंच.
पत्ता पुरता लिहिलेला, घरक्रमांकासहित.
माफी होती, की शिक्षा?
महिन्यातून दोन मंगळवार, फुटके नळ, फेरीबोटीचं वेळापत्रक,
आणि दर हिवाळ्यात सगळ्यांच्या शिव्या;
वैऱ्यालाही द्यावं की नाही असं ते पद आहे.
मोजणीच्या तक्त्यात त्यासाठी रकाना नाही.
मी एक रेघ ओढली.

ऑर्मुरचीही शोधली, खोटं कशाला बोलू.
चार नावं. पाचवी रेघ रिकामी,
तिच्यावर खोडलेली एक उभी काडी.
आमच्या लिपीत केटिल तिथूनच सुरू होतो,
आणि बोझेनासुद्धा.
उजेडाकडे तिरपी धरून पाहिली.
सुनेने माझ्या हातातून हळूच काढून घेतली.

ऑर्मुर पाचवा आला. एका मताने.
फोन करणं माझं काम.
'नाही म्हणता येतं का?'
तू त्रेसष्टचा आहेस.
'म्हणजे दोन वर्षं उशिरा जन्मायला... नाही, लवकर.'
मी गप्प. मागे त्याची किटली शिट्टी घालत होती,
तो उठला नाही.
'कोणी लिहिलं?'
ते सांगता येत नाही, तुला ठाऊक आहे.
'बंदराचा हिशेब हल्ली समितीपुढे कोण आणतं?'
तेही तुला ठाऊक आहे.

त्याने फोन लगेच ठेवला नाही.
भिंतीपलीकडे कुणीतरी खुर्ची सरकवली,
ते मलाही ऐकू आलं.